दोराचं टोक

मैदानावरचा तंबू,
९ मार्च, सकाळ

प्रिय ताई,

प्रभूच्या नावाने सलाम. तुझं पत्र बुधवारी मिळालं. भाऊजींच्या मनगटाचं प्लास्टर निघालं हे वाचून बरं वाटलं. त्यांना माझा सलाम सांग, घेतला तर घेतला. चिमीला सांग, मामा इथे रोज सहाला उठतो. तिला खरं वाटणार नाही, पाळकसाहेबांची साक्ष काढ म्हणावं.

आपल्या चर्चची आम्ही पंचवीस माणसं शाळेच्या मैदानावर राहतो. भूकंपाला चार महिने झाले, तरी गल्लोगल्ली भिंती तिरक्या उभ्या आहेत. त्या उतरवायच्या आणि नव्या बांधायच्या, हे आमचं काम. खरा गवंडी मी एकटाच, त्यामुळे वासरांत लंगडी गाय शहाणी. आपला बँकेतला कारकून वीट अशी धरतो की जणू तान्हं मूल. पाळकसाहेबांनी पहिल्याच दिवशी हातोडा स्वतःच्या अंगठ्यावर मारला, आणि तोंडातून जे निघालं ते काही बायबलमधलं वचन नव्हतं.

एक नियम मात्र कडक आहे. बाराला स्वयंपाकी लोखंडी पत्रा बडवतो. तो वाजला की हातातलं सगळं खाली ठेवायचं, डोळे मिटायचे, हात जोडायचे. भरल्या हातांनी देवासमोर उभं राहू नये, असं पाळकसाहेब म्हणतात. पंधरा दिवसांत आमच्या हातांना इतकी सवय लागली की पत्रा वाजला की ते आपोआप रिकामे होतात.

तू विचारलंस, राग कसा आहे. त्याबद्दल मागून लिहितो.

मंगळवारी इथे एक अपघात झाला. पाळकसाहेबांनी तिकडे कळवलं असेलच. शिंप्याच्या घराची मागची भिंत पडली. शिंपी परसात भिंतीखालच्या ढिगातून आपलं शिवणयंत्र ओढून काढत होता, तो तिच्याखाली सापडला. इथलाच एक सुतार भिंतीचे टेकू हलवत होता. त्याने घाई केली, प्रार्थनेलाही थांबला नाही, असं सगळे म्हणतात.

शिंप्याला बाहेर काढला तेव्हा त्याला चेहरा राहिला नव्हता. बोटातल्या अंगुस्तानावरून त्याच्या दोघा भावांनी ओळखला. सुतार तिथेच उभा होता, टेकूचं लाकूड अजून हातात. भावांनी त्याच्यावर झडप घातली. फावड्याच्या दांड्यांनी मारलं. उजवा हात दगडावर ठेवून मोडला, आणि तो आवाज अजून माझ्या कानांतून जात नाही. आमची माणसंही मागे राहिली नाहीत. रविवारी पोरांना क्षमेचे धडे देणारा आपला कारकून बुटाने लाथा घालत होता.

मीही मारलं, ताई. पहिला ठोसा माझाच होता. जबड्यावर बसला.

शुक्रवारी त्याला बघायला दवाखान्यात गेलो. जबडा तारेने बांधलाय, बोलता येत नाही. मला बघून त्याने तोंड फिरवलं. बायको नळीने त्याला सूप पाजत होती. ती उठली, मला स्टूल दिलं आणि म्हणाली, "बसा ना दादा. आमच्या माणसाची चूक झाली, तरी तुम्ही आलात. देवाची माणसं तुम्ही." मला पाणी दिलं. मी पेला तसाच खाली ठेवला.

फाटकाबाहेर शिंप्याचे दोन्ही भाऊ पहार घेऊन बसलेत. आळीपाळीने जेवायला जातात. आज सुताराला घरी सोडणार आहेत. थोरला मला म्हणाला, "पायरी उतरू दे त्याला, मग बघतो." तो उगाच बोलणारा माणूस नाही.

आता खरं लिहितो. किती वेळ इकडचं तिकडचं लिहू?

भिंत परसाकडे कलली होती. टेकू हलवेपर्यंत ती उलट्या बाजूने ओढून धरायला माथ्याला दोर बांधला होता. दोराचं टोक खांबाला पक्कं बांधायचं असतं, हे मला झोपेतही ठाऊक आहे. पण दोन मिनिटांचं तर काम, म्हणून मी कंटाळा केला. खांबाला एक वेढा दिला आणि टोक हातात धरलं. सुतार ओरडून म्हणाला, "धरलंस ना? सोडू नकोस, टेकू काढतोय." मी म्हटलं, "काढ रे बिनधास्त."

आणि पत्रा वाजला.

मी हात जोडले, ताई. डोळे मिटले. "हे स्वर्गीय पित्या" एवढंच ऐकलं असेल, तोवर दोर खांबावरून सरसरत गेला.

सुताराने फक्त माझ्याकडे पाहिलं. बोलायला तोंड उघडलं. तो काय बोलणार हे मला कळलं, म्हणून मी त्या तोंडावरच ठोसा मारला. तू विचारलेला राग तो नव्हता. मी घाबरलो होतो. मग बाकीचे तुटून पडले आणि मी बाजूला उभा राहून बघत होतो.

काल पाळकसाहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "आपली बस उद्या दोनला निघते. देवाला सगळं ठाऊक आहे."

मी म्हटलं, "देवाला ठाऊक आहे हो. शिंप्याच्या भावांना नाही."

त्यांनी उठून माझी पिशवी स्वतः बसच्या टपावर चढवली. सकाळी मी ती उतरवून घेतली.

दवाखान्यातून साडेबाराला सोडतात. पत्रा वाजेल तेव्हा मी तिथल्या फाटकाशी असेन. थापीसुद्धा बरोबर नेत नाही. भावांनी ऐकून घेतलं तर पोलिसांकडे जाईन. नाही घेतलं तर हे पत्र स्वयंपाकी पेटीत टाकेल. त्याला तसं सांगून ठेवलंय.

भाऊजींचं मनगट मी पिरगाळून मोडलं, आणि डॉक्टरला तू सांगितलंस की ते पायरीवरून पडले. माझ्यासाठी सांगितलंस. ते उभ्या उभ्या ऐकत होते. त्यांची माफी मी कधी मागितली नाही, ती आज मागतो. तेवढी त्यांना वाचून दाखव.

आणि माझं काही बरंवाईट झालं, कुणी काही विचारायला आलं, तर ताई, या वेळी पायरी सांगू नकोस.

तुझा भाऊ,
ज्याने दोर सोडला