सटवाईचा कागद

भारती सिस्टर,

नमस्कार लिहीत न्हाई, कारण मनात न्हाई.

माझ्या दिशाची लेक आठव्या महिन्यातच झाली आन तुमच्या काचेच्या पेटीत पडली. मी मधाचं बोट तिच्या तोंडाशी नेलं, तर तुमी चारचौघांत माझं मनगट धरलं. "आजी, आईच्या दुधाशिवाय काहीही द्यायचं नाही," म्हनालात. चार लेकरं वाढवलेल्या बाईला शिकवता?

झाली पाच हुती. पहिल्याच्या बेंबीला मीच राख लावली, त्ये आठव्या दिवशी गेलं. ह्ये तुमाला सांगितलं न्हाई, सांगनारबी न्हाई.

पाचवीला सटवाई लेकराचं नशीब लिहिती, म्हनून कोरा कागद आन पेन आनलं. तुमी म्हनलात, "पेटीत नको, वर ठेवा." तेवढं तरी ऐकलंत. सकाळी बघते तर कागदावर तुमचं अक्षर! "वजन वीस ग्रॅम वाढलं. आज स्वतः दूध ओढलं." देवीच्या कागदावर लिहायचा हक तुमाला कुनी दिला? मी लई भांडनार हुते. पन तवर दिशानं त्यो कागद दोनदा वाचून काढला, आन पाच दिसांत पैल्यांदा पोटभर जेवली.

आता नात पेटीतनं भाईर आली, उद्या आमाला घरी सोडत्यात. ह्ये पत्र तुमाला मिळायचं न्हाई. रागात दुसरा कागद घावला न्हाई, म्हनून त्याच कागदाच्या मागं लिहिलंय. आन त्यो कागद मी कुनालाच देनार न्हाई.

अजून रागातच,
साळूबाई, खर्डा