कापूस बापापेक्षा उंच

माय, तुला एक वाक्य वाचून दाखवायचं राहिलं आहे. इंग्रजीतलं आहे, माझं नाही, सातवीतल्या एका मुलीचं आहे, आणि त्यात एकही चूक नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण चुका काढण्यात माझा हात धरणारा आपल्या तालुक्यात अजून कोणी नाही, आणि त्याचा थोडा अभिमान तुलाही होता. पण वाक्य वाचलं की तू काय विचारणार ते मला ठाऊक आहे. म्हणून टाळत आलो.

दिग्रसच्या जिनिंगमधून तू दिवस बुडता घरी यायचीस तेव्हा तुझ्या भुवया कापसाच्या तुसानं पांढऱ्या असायच्या. आल्या आल्या चूल. कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीची काडी गुडघ्यावर मोडून आत सारायचीस आणि म्हणायचीस, "वाच." मी दारातल्या उजेडात बसलेला, मांडीवर रद्दीतून आणलेलं, पहिली अकरा पानं नसलेलं व्याकरणाचं पुस्तक. मला इंग्रजी कोणी शिकवलं नाही, जे आलं ते त्या पुस्तकाशी भांडून आलं. मी वाचतो आहे, तू भाकर थापते आहेस, आणि दर वाक्याला मला अडवते आहेस, "म्हंजे काय झालं?" मी मराठीत सांगतो, मग तुझा हात पुढं चालतो. त्या दिवशी दोन गोष्टींची तुलना कशी करायची तो धडा होता. मी वाचलं आणि सांगितलं, हा माणूस आपल्या भावापेक्षा अशक्त आहे. तुझा हात परातीत थांबला.

"कोन्ता मानूस?"

"कोणता म्हणजे? पुस्तकातला."

"अशक्त काहून झाला? भाऊ पाहत नाही का त्याले?"

"माय, तो माणूस नाही. वाक्य आहे. उदाहरण."

"मानसाले अशक्त म्हन्तं, अन् वरून म्हन्तं मानूस नाही." तू भाकर तव्यावर टाकलीस. "मंग कायले वाचून राह्यला? त्यापरीस पानी आन."

मी पाणी आणलं, पण मनात हसलो. पुढं कित्येक वर्षं हा किस्सा चहाच्या टपरीवर सांगत होतो, की माझी माय व्याकरणालाही घरचा पत्ता विचारायची. लोक हसायचे. तू तेव्हा नव्हतीस.

तू गेल्यावर मी दारव्ह्याला कचेरीसमोर टाइपरायटर मांडला. अर्ज, शपथपत्रं, मराठी आणि इंग्रजी दोन्ही. टायपिंग करणाऱ्याला अर्थाशी देणंघेणं नसतं. समोरचा माणूस बोलता बोलता रडू लागला तरी मी त्याच्या आडनावाचं स्पेलिंग दोनदा विचारून घ्यायचो, आणि माझ्या कागदावर खाडाखोड नसायची. त्यावरच नाव झालं. म्हणून बोरी अरबच्या अलीकडच्या एका गावातले इंग्रजीचे मास्तर बदलून गेले आणि दुसरे कोणी आले नाहीत, तेव्हा हेडसर मला शोधत आले. म्हणाले, "तुमच्याजवळ डिग्री नाही हे मले माहीत आहे. पोरायले सांगू नका, म्हणजे झालं." आठवड्यातले तीन दिवस मी जाऊ लागलो.

तुलना मी पुस्तकातून शिकवत नाही. दोन्ही वस्तू डोळ्यांसमोर असल्याशिवाय तुलना करायची नाही, हा माझा नियम. दोन पोरं भिंतीला उभी करायची, चपला काढून, टाचा भिंतीला टेकवून, डोक्यावर पट्टी आडवी धरून खडूची रेघ मारायची, आणि मगच कोण टॉल आणि कोण टॉलर ते बोलायचं. त्या वर्षी मी घरचा अभ्यास दिला, की प्रत्येकानं आपल्या घरच्या दोन गोष्टी पाहून एक वाक्य करून आणायचं. पोळ्यानंतरचा आठवडा होता. पऱ्हाटी त्या वर्षी भलतीच माजली होती. तुझ्या काळी ती कमरेला लागायची, वेचून वेचून तुम्हा बायांच्या पाठीचे तुकडे पडायचे. त्या वर्षी वर्गाच्या खिडकीतून नुसता हिरवा पडदा दिसत होता, पलीकडचा रस्ता दिसत नव्हता.

पोरं एकेक उभी राहतात. कोणाचा बैल बकरीपेक्षा मोठा, कोणाची आजी गावातल्या वडापेक्षा म्हातारी. एक वात्रट म्हणतो, सरांचं पोट हेडसरांच्या पोटापेक्षा लहान आहे, आणि मी त्यालाही बरोबर देतो, कारण बरोबरच आहे. मग खिडकीजवळची मुलगी उठते. ती आपणहून कधी उठत नाही. वही छातीशी धरून ती म्हणते, "कॉटन इज टॉलर दॅन माय फादर."

कापूस माझ्या बापापेक्षा उंच आहे. मी "व्हेरी गुड" म्हटलं आणि वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या. ती बसली नाही. मी हातानं खूण केली. ती तशीच उभी. म्हणाली, "सर, लय उंच हाय."

"मग मच टॉलर म्हण," मी म्हणालो.

"मच टॉलर," ती म्हणाली, आणि बसली.

शाळा सुटल्यावर मी व्हरांड्यातल्या फळ्यावरचा सुविचार पुसला आणि तिथं दोन रंगांच्या खडूंनी ते वाक्य लिहिलं, खाली तिचं नाव. हेडसर म्हणाले, "अक्षर झकास आहे." चौथ्या दिवशी तिची जागा रिकामी होती. तिचा बाप लोकांच्या शेतात फवारणी करायचा. पिकाच्या वर तोंड असलं तर औषध खाली पडतं. पीक डोक्याच्या वर गेलं की नळी वर धरावी लागते, आणि वर मारलेलं सगळं तोंडावर येतं. उलट्या झाल्या, यवतमाळला मोठ्या दवाखान्यात नेलं. जीव वाचला. डोळे गेले.

दसऱ्यानंतर मी त्यांच्या घरी गेलो. मुलगी वेचणीला गेली होती, बाप अंगणात खाटेवर होता.

"कोन हाय?"

"शाळेतला. इंग्रजीचा."

"या, गुरुजी. बसा. कुठं बसाचं ते तुमीच पाहा, माह्याकडचं पाहणं आता बंद झालं." तो स्वतःच हसला. "पोरगीनं म्हने माह्यावर इंग्रजीत लेहलं. फळ्यावर लागलं म्हने. मले म्हनून दाखवते, पन मराठीत इचारलं का गप होते. काय लेहलं जी?"

मी सांगितलं.

"खरं हाय," तो म्हणाला. "डब्बा घेऊन वावरात आलती ते. मी दिसलोच नाही तिले. आवाज देत फिरे. मी आतूनच ओ देल्ली, फवारता फवारता, तोंड उघडून." मग त्यानं मान माझ्या दिशेला वळवली, थोडी चुकीच्या बाजूला. "मंग तुमी काय म्हनलं तिले?"

"व्हेरी गुड म्हटलं."

"म्हंजे?"

"शाब्बास."

"हुशार हाय पोरगी," तो म्हणाला.

ती शाळेत परत आली नाही. हेडसर दोनदा जाऊन आले. मी अजून शिकवतो. आता कोणतंही पोर वाक्य बोललं की मी विचारतो, म्हणजे काय झालं. माझा एक तास दोन तास चालतो, दुसरे मास्तर कुरकुरतात, पोरं माझी नक्कल करतात. करू देत. हा कागद मी कुठं पाठवणार नाही. पाठवला असता तरी तुला तो दुसऱ्याकडूनच वाचून घ्यावा लागला असता, आणि शेवटी जे लिहितो आहे ते दुसऱ्याच्या तोंडून तुझ्या कानावर जाऊ नये असं वाटतं.

तू म्हणशील, तुले नाही दिसलं का? हेडसरांना मी सांगितलं की मला काही ठाऊक नव्हतं. त्या खाटेजवळून उठतानाही तेच सांगितलं. पण टाळ्या वाजवल्या त्याच दिवशी सकाळी शाळेत जाताना, रस्त्याच्या कडेच्या शेतात, मी ते पाहिलं होतं. माणूस दिसत नव्हता. पऱ्हाटीच्या वर नळीचं टोक तेवढं फिरत होतं, आणि पांढरी वाफ खाली बसत होती. वास आला तसा मी गाडी थांबवली, खिशातून रुमाल काढला, घडी उलगडून नाकातोंडावर घट्ट बांधला, मागं दोन गाठी मारल्या, आणि पुढं गेलो.