तांब्याची कडी

मंगळवार, संध्याकाळ. हात अजून काळेच आहेत.

निघाला एकदाचा. आसगावच्या ताराचंदभाऊंच्या ट्रॅक्टरचा इंजेक्टर सकाळी काढाले गेलो, तं वरचा तुकडा हातात आला अन् बाकीचा इंजिनाच्या हेडातच जाम. धान कापणीवर आलं आहे. हेड उतरवलं असतं तं त्यायचे तीन दिवस गेले असते. म्हणून तुटक्या बुंध्यावर बोल्ट वेल्ड केला, बाजूनं डिझेल सोडलं अन् पुलर लावून ओढत राहिलो. ज्यानं हा बसवला त्याले दिवसभर शिव्या देत होतो. कोण्या येड्यानं बसवला? काम शिकला कोठी? ताराचंदभाऊ बाजूले खाटेवर बसून मान डोलवत होते. दोनदा चहा पाजला.

चार वाजता सुटला. खाली वायसरच्या चकतीच्या जागी तांब्याच्या तारेची कडी. तिच्या फटीतून गॅस निघे, काजळी धरे, म्हणून जाम झाला. कडी पुसून पाह्यली. अर्थिंगची तार, ठोकून चपटी केलेली, टोकं तिरपी घासून जोडलेली. अशी टोकं या भागात एकच माणूस घासते.

मी.

मागं एका वर्षी याच ट्रॅक्टरले वायसर भेटला नव्हता. "दोन दिवस चालवा" म्हणून मीच बसवली होती, अन् विसरलो.

कडी खिशात टाकली. मग वाटलं, लपवू काहून? सांगून टाकलं.

"मले सकाळीच माहीत होतं, मिस्त्री," ताराचंदभाऊ म्हणाले. "पण तुमी इतक्या मनापासून शिव्या देऊन राहिले होते, म्हटलं मधात कायले बोला."