रोज येतो ना?

१२ जून

ती. दादास सा. न.

फोनवर तुला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं तू मनानेच जुळवतोस, म्हणून हे पत्र. छापखान्यातल्या यंत्रांनी तुझे कान नेले, पण डोळे शाबूत आहेत, तेव्हा सबबी चालणार नाहीत.

आमच्या कॉलेजच्या लायब्ररीला अखेर चांगले दिवस आले. ग्रंथपाल म्हणून मी इतकी वर्षं अर्ज खरडले, ते एकदम मंजूर झाले. डुगडुगत्या खुर्च्या जाऊन गादीच्या आल्या. प्रत्येक टेबलाला दिवा आणि फोन चार्ज करायची सोय झाली. रस्त्याकडच्या भिंतीला मोठी काच बसवली. आपल्याकडे नसलेलं पुस्तक दुसऱ्या कॉलेजातून मागवून देणंही सुरू केलं. आता दारात कार्डाचं फाटक तेवढं बसायचं राहिलंय.

तुझा मौनीबुवा या सगळ्याचा पुरेपूर फायदा घेतोय. मी कुलूप उघडायच्या आधी पायरीवर हजर असतो आणि दिवे मालवले की निघतो. शेवटच्या वर्षाचा अभ्यास आहे, चालायचंच. असा भाचा आहे म्हणून मी सगळ्यांसमोर भाव खाऊन घेते.

वहिनींना नमस्कार. लोभ आहेच, पत्राला उत्तर धाडून तो सिद्ध करावा.

तुझी छकुली


२० जून

चि. छकुलीस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून तुझी वहिनी खूश झाली. शेजारणीलाही वाचून दाखवलं.

तो रोज येतो ना? कुठल्या खुर्चीवर बसतो, काचेजवळ की आत? दुपारी काही खातो का? एखाद्या दिवशी आला नाही तर मला लगेच कळव. फोन कर, मी कसंही करून ऐकेन.

फाटकाचं मात्र मला पटलं नाही. लायब्ररीत कोणी येऊन नुसतं बसलं तर कुणाचं काय जातं? पुस्तकांवर हवं तेवढं लक्ष ठेवा, माणसं कशाला अडवता?

गुडघ्यांची काळजी घे. आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

दादा


५ जुलै

ती. दादास सा. न.

मुलाचे मार्क न विचारता खुर्ची विचारणारा बाप जगात तू एकटाच असशील. काचेजवळची, कोपऱ्यातली. झालं समाधान? रोज येतो. डबा माझ्याबरोबर खातो, बोलत काही नाही. अभ्यासाचं विचारलं की चालू आहे म्हणतो.

फाटक का, तर कोणीही बाहेरचा येतो, पानं फाडून नेतो, आणि निस्तरायला मी. यंत्राला ऑफिसातली विद्यार्थ्यांची यादी जोडलीय. ओळखपत्र टेकवलं की हिरवा दिवा लागून फाटक उघडतं, यादीत नाव नसेल तर लाल. तेरा तारखेला प्राचार्यांच्या हस्ते उद्घाटन आहे. पहिलं कार्ड कोणाचं, हे माझ्यावर सोपवलंय. मी आपल्या मौनीबुवाचं ठरवलंय. त्याला अजून सांगितलं नाही, ऐन वेळी पकडीन.

फोटो पाठवते. तोवर लोभ जपून वापरावा.

तुझी छकुली


९ जुलै

चि. छकुलीस आशीर्वाद.

पहिलं कार्ड दुसऱ्या कोणाचं तरी घे. तो लाजाळू आहे, चारचौघांत उभा केलास तर त्याला मेल्याहून मेल्यासारखं होईल. फाटकच वर्षभर पुढे ढकलता आलं तर बघ. कारण विचारू नकोस. मी तुझ्याकडे आजवर काही मागितलेलं नाही, हे मागतो.

दादा


१६ जुलै

ती. दादास सा. न.

तुझं पत्र मला चौदा तारखेला मिळालं.

उद्घाटनाला सगळे दारात जमले होते. मौनीबुवा मागे भिंतीला टेकून होता. हाक मारली तर मानेनेच नको म्हणाला. मला वाटलं, लाजतोय. मनगटाला धरून पुढे आणला. हात थंडगार होता रे त्याचा, तेव्हाही मला काही कळलं नाही. कार्ड टेकवलं तर लाल दिवा. पुन्हा लाल. मी यंत्रवाल्याला सगळ्यांदेखत फैलावर घेतलं. त्याने बिचाऱ्याने एका मुलीचं कार्ड टेकवून बघितलं, तर लगेच हिरवा. मग मीच मौनीबुवाच्या हातातून त्याचं कार्ड ओढून तिसऱ्यांदा टेकवलं. मुलं हसली. वळून बघते तो हा निघून गेलेला, कार्ड माझ्याच हातात.

संध्याकाळी ऑफिसातल्या कारकुनाने हळू आवाजात सांगितलं. गणित दोनदा राहिलं, तिसऱ्यांदा हा परीक्षेला बसलाच नाही, आणि गेल्या वर्षी नाव कमी झालं. मला ठाऊकच असणार असं समजून कारकुनाने कधी विषय काढला नव्हता. आणि मी वर्षभर त्याच्या कौतुकात होते.

त्याच्या खोलीवर गेले. दार अर्धवट उघडून, बरं वाटत नाही, एवढंच म्हणाला. आत घेतलं नाही. तीन दिवस लायब्ररीकडे फिरकलेला नाही. वहिनींना काय सांगायचं ते तूच ठरव. मला फार भीती वाटते. रागवायचं तर माझ्यावर रागव, त्याच्यावर नको.

तुझी छकुली


२२ जुलै

चि. छकुलीस आशीर्वाद.

रागवू कशाला? मला गेल्या वर्षीच कळलं होतं. कॉलेजचं पत्र घरी आलं, ते मी तुझ्या वहिनीला दिसू दिलं नाही. नातेवाइकाकडे जातो सांगून तिकडे आलो होतो, तुलाही न भेटता. त्याच्या खोलीच्या कोपऱ्यावर पोचलो तर तो भांग पाडून, पिशवीत पुस्तकं भरून लायब्ररीकडे निघाला होता. त्याने मला पाहिलं नाही. मी तसाच माघारी फिरलो. माझी छाती झाली नाही.

वाटलं, सकाळी उठून आवरून त्याला जायला एक जागा आहे, तेवढी राहू दे. एकदा तोंडातून शब्द गेला की तीही जाईल. शिवाय तिथे तू होतीस. तुला सांगितलं असतं तर तू त्याला वळण लावायला निघाली असतीस, तुझा स्वभाव मी जाणतो. म्हणून नुसती खुर्ची विचारत राहिलो.

ते फाटक त्याच्यापुरतं उघडता येणार नाही का? मला दुसरं काही सुचत नाही.

दादा


२ ऑगस्ट

ती. दादास सा. न.

प्राचार्यांना दोनदा भेटले. यादीत नसलेल्याला आत घेता येत नाही, आणि कोणालाही सूट नको असं अर्जात तुम्हीच लिहिलं होतं, असं ते म्हणाले. खरंच मी लिहिलं होतं, शिवाय त्या ओळीखाली रेघही मारली होती. पुन्हा नाव घालायचं तर परीक्षेचा फॉर्म त्याने स्वतः भरायला हवा. तो मी दाराखालून सरकवून आले, त्याचं पुढे काय झालं माहीत नाही. काचेजवळच्या खुर्चीवर आता दुसरी मुलगी बसते. तिला तरी कसं उठवू?

गेल्या सोमवारपासून तो समोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर येऊन बसतो, पिशवी मांडीवर घेऊन. मोठ्या काचेतून सरळ दिसतो. पहिल्या दिवशी मी रस्ता ओलांडून गेले तर उठून चालू लागला, म्हणून आता जात नाही. दुपारी शिपाई डबा तिथे ठेवून येतो. रिकामा डबा धुतलेला परत मिळतो. संध्याकाळी मी दिवे मालवले की उठतो आणि जातो.

वहिनींना आता सांग, दादा. एकट्याने किती दिवस काढशील? लोभ आम्हा दोघांवर असू दे, आत असलेल्या आणि बाहेर बसलेल्या.

तू विचारशीलच, म्हणून आधीच लिहिते. हो, रोज येतो.

छकुली