लोखंड माझे, पट्टे तिचे

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, व्यवसाय लोखंडी गेट, खिडक्यांच्या जाळ्या आणि गेली काही वर्षे कयाक ठेवायचे उघड्यावरचे रॅक बनवणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. डाव्या कानाने कमी ऐकू येते, पण तो दोष ग्राइंडरचा आहे आणि संसारात त्याचा फायदाच झाला. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. माझ्या दिवंगत यजमानांनी एकदा आणून पाहिला होता. नंतर त्यांनी बागकाम सुरू केले.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. माझ्यावाचून इथे काही चालेल, यावर आजवर माझा विश्वास नव्हता.

कलम १. राहते घर माझ्या एकुलत्या एका मुलास द्यावे. स्वयंपाकघराच्या खिडकीची जाळी मी लग्नाच्या वर्षी केली, ती त्याने काढू नये. काढताही येणार नाही. घर पडेल, जाळी उभी राहील.

कलम २. बँकेतली शिल्लकही मुलासच. म्हातारीने पुष्कळ पुरून ठेवले आहे असे गल्लीत बोलतात. मी आयुष्यभर पुरले ते गेटचे खांब. कोणाला खणून बघायचे असल्यास हरकत नाही.

कलम ३. घरामागचे वर्कशॉप, जागेसह, वेल्डिंग मशीन, ग्राइंडर, कटर, ऐरण आणि हाती असलेली सर्व कामे मी माझ्या मुलाच्या पूर्वीच्या पत्नीस देते. हे वाचून मुलगा विचारील की का, म्हणून सविस्तर लिहिते.

तळ्यावरच्या नौका क्लबच्या सेक्रेटरींनी मला पहिला रॅक सांगितला, तेव्हा मी कयाक पाहिलेलीही नव्हती. ती एकट्या माणसाने पाय लांब करून बसायची अरुंद प्लॅस्टिकची नाव असते, हे मला तिथे जाऊन कळले. सेक्रेटरी म्हणाले, ऊनपाऊस सोसेल असे काहीतरी मजबूत करा. मजबूत म्हटले की मला पुढचे ऐकू येत नाही. मी जाड अँगलचे खांब काँक्रीटमध्ये उभे केले, त्यांना आडवे गज जोडले, नावा त्यांवर ओळीने ठेवल्या आणि क्लबच्या माणसांना बजावले, की दोरीने चांगल्या आवळून बांधा. हत्ती बांधला असता तरी हलला नसता.

उन्हाळा सरला. प्लॅस्टिक उन्हाने मऊ झाले होते, त्यात माझे गज रुतले आणि सगळ्या नावा केळ्यांसारख्या वाकल्या. सेक्रेटरी एकीत बसून समोरच्या काठाकडे निघाले आणि गोल वळून माझ्याकडेच परत आले. पुन्हा निघाले, पुन्हा आले. त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. मी मात्र त्यांना एकच गोष्ट ऐकवत होते, की रॅकला पाहा, साधा ओरखडा नाही.

तेव्हा ती माझी सून होती. गाड्यांच्या सीटची कव्हरे शिवायची, आणि लोखंडाच्या कामात शिंप्याचे काय काम, असे मी तिला येताजाता सुनवायची. त्या दिवशी ती माझ्या मागोमाग तळ्यावर आली, रिकाम्या रॅकवर चढली आणि नावेसारखी आडवी झाली. क्लबची माणसे बघत राहिली. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. ती डोळे मिटून म्हणाली, "आई, इथे टोचतंय. आणि इथे. मधे काही आधारच नाही."

मी तिला खाली उतरायला सांगितले. महिनाभर मी त्या विषयावर बोलले नाही, म्हणजे दुसऱ्या कशावरही बोलले नाही. शेवटी सेक्रेटरींनी निरोप पाठवला की रॅक उपटून न्या. तो उपटणे मला स्वतःलाही शक्य नव्हते, इतका मी तो चांगला केला होता. मग मी तिला विचारले, तुझ्या मनात काय आहे ते एकदाचे सांग.

तिने गज कापायला लावले आणि त्या जागी दोन खांबांमध्ये हातभर रुंद जाड पट्टे झोळीसारखे टांगले, म्हणजे नावेचे वजन एका जागी न पडता पसरेल. आवळून बांधणे बंद केले. वरचे ऊन अडवायला मी उतरते छप्पर घातले. वाकलेल्या नावा आम्ही उन्हात पालथ्या घालून ठेवल्या. बऱ्याचशा आपोआप सरळ झाल्या, एक हट्टी निघाली. पुढच्या वादळात क्लबच्या ऑफिसचे पत्रे उडाले, नोटीस बोर्ड पाण्यात सापडला, आणि नावा आपल्या झोळ्यांत डुलत होत्या. त्यानंतर दुसऱ्या क्लबांची माणसे रॅक बघायला येऊ लागली. खांबांवर हात फिरवून ती पट्ट्यांची चौकशी करत. मी ते मनाला लावून घेतले नाही, असे लिहिणार होते, पण हे कायदेशीर कागदपत्र आहे.

मग माझ्या मुलाचे आणि तिचे बिनसले. कोणाचे किती चुकले हे इथे लिहीत नाही. भांडण मोठ्याने झालेच नाही. झाले असते तर मी मधे पडून आणखी बिघडवले असते. ती शिवणयंत्र घेऊन गेली. मुलगा म्हणाला की ती आता आपली कोणी नाही. मी मान हलवली, कारण आईने हलवायची असते.

एका रॅकचे पट्टे अर्धवट राहिले होते. मला वाटले, जिने लोखंड शिवले तिला कापड काय जड. भाड्याने यंत्र आणून बसले आणि पहिलाच पट्टा माझ्याच बाहीला शिवला. तो तसाच लोंबत असताना मी तिच्या भाड्याच्या खोलीचे तीन जिने चढले. तिने दार उघडले, बाहीकडे पाहिले, हसली नाही. कात्री आणून टाके उसवत बसली. शेवटचा टाका उसवून तिने विचारले, "मी आता तुम्हाला काय म्हणायचं?"

मी म्हटले, "काहीही म्हण. पण उद्या सकाळी ये. माझ्याच्यानं ते होत नाही."

माझ्याच्याने होत नाही, हे वाक्य मी तोवर कोणाजवळ उच्चारले नव्हते. सकाळी वर्कशॉप उघडायला गेले तर ती दाराशी उभी होती. त्यानंतर ती मागच्या गल्लीने येते आणि मागच्या गल्लीने जाते. मुलाने पाहून न पाहिल्यासारखे केले. वर्कशॉपची जागा एखाद्या गॅरेजवाल्याला विकावी, असे मात्र त्याने मला अनेकदा सुचवले. माझा डावा कान तेव्हा कामी आला.

कलम ४. वर उल्लेखलेली हट्टी नाव मला क्लबकडून विकत घ्यावी लागली होती. ती सेक्रेटरींस द्यावी. त्यांनी माझ्या रॅकला चारचौघांत कोंडवाडा म्हटले होते. त्यांनी तीत बसावे आणि गोल फिरावे.

कलम ५. तिसरे कलम मुलाला पहिल्यांदा माझ्या पश्चातच कळू नये, म्हणून काल मी हे सारे त्याला वाचून दाखवले. भांडणाची तयारी ठेवली होती. उजवा कानही त्याच्याकडे केला होता. तो उठून खिडकीशी गेला. वर्कशॉपमधून तिच्या शिवणयंत्राचा आवाज येत होता. तो म्हणाला, "मला वाटलंच होतं." मग खिडकीतून बाहेर बघत, "तिथलं छप्पर गळतं, आई. तिच्या यंत्रावरच गळतं. तिनं तुला कधी सांगितलं नसेल."

तिने सांगितले नव्हते. रोज तिथे उभी राहून मलाही दिसले नव्हते. त्याला घरातून कसे दिसले, ते मी विचारले नाही.

आज सकाळी तो शिडी घेऊन छपरावर चढला. ती खालून एकेक पत्रा वर देते आहे. दोघे पत्र्यांखेरीज कशाविषयी बोलत नाहीत. यावरून मी एक अनुमान काढून मुलाला ऐकवले, तर तो म्हणाला, "आई, तसं काही नाही. पत्रा धर." म्हणून हे कलम पत्रा धरून झाल्यावर पुरे केले आहे.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला, आणि जिथे फुशारकी वाटली तिथे तशीच राहू दिली.

सही

साक्षीदार पहिले: कोपऱ्यावरचे डॉक्टर. लिहिणारी शुद्धीवर असल्याचे त्यांनी तपासून पाहिले.

साक्षीदार दुसरे: शेजारचे कुलूपवाले. आपल्याला यात काही मिळत नाही, याची दोनदा वाचून खात्री केल्यावर त्यांनी सही केली.

स्थळ: वर्कशॉप, वेल्डिंगचे टेबल
दिनांक: सतरा एप्रिल, छपराचे काम अर्धे झाले असता