बेलभंडाऱ्याचं ताट

आई, या दिवाळीत तुझा फोटो चौकात लागला आहे. घरातल्या भिंतीवरचाच, फक्त मागची खिडकी काढून तिथं निळं आकाश घातलंय आणि कपाळावरची विभूती पुसून ठसठशीत कुंकू लावलंय. खाली लिहिलंय ‘स्मृतिचषक, भव्य टेनिस बॉल क्रिकेट स्पर्धा’, आणि शेजारी तुझ्या दुप्पट आकाराचे आपल्या वॉर्डाचे पुढारी आण्णा, हात जोडून. तू नोकरीभर मुलींना खो-खो शिकवलंस. क्रिकेटचं एक षटक सलग पाहिलेलं मला आठवत नाही. मी लातूरहून आलेल्या एसटीतून मुखेडला उतरले, फ्लेक्स वाचला आणि पहिला विचार आला तो हा की, याच्या बदल्यात त्यांना काय हवंय?

तू असताना राजकारण, खेळ आणि देव या तीन गोष्टी जेवताना बोलायच्या नाहीत असा आपल्याकडे नियम होता, कारण दादा आणि बाबा भांडून ताटावरून उठायचे. आता नियम उरलेला नाही. दादाला प्रत्येक सामना आधीच ठरलेला वाटतो आणि तरी तो एक चेंडू सोडत नाही. तेच निवडणुकीचं. पहिल्याच घासाला त्यानं सांगितलं, “आपला वॉर्ड महिलेला सुटलाय. आण्णा म्हणलालेत, तुझ्या वहिनीला उभं करू.” मी विचारलं, वहिनी काय म्हणते? “ती काय म्हणणार? सगळं मलाच बघायचंय की.” वहिनी कढईपाशी होती. तिनं झाऱ्यानं करंज्या उलटल्या. मला वाटलं, हिचं आणि दादाचं आधीच ठरलेलं आहे. खरं सांगायचं तर लग्न झाल्यापासून मी तिच्याशी परतीच्या गाडीची वेळ आणि भाजीतलं मीठ यापलीकडे फारसं बोललेली नाही. तिच्या गप्प राहण्याचा अर्थ मी नेहमी माझ्या सोयीनं लावला.

त्या रात्री मला कंधारचं मैदान आठवत राहिलं. मी नववीत. दुसरे पंच आले नाहीत म्हणून शिट्टी तुझ्या गळ्यात. मी पाठलागावर आहे, समोरची मुलगी माझ्या हाताला लागते, आणि तुझी शिट्टी वाजते. पाय मध्यपाटीच्या, दोन खांबांमधल्या पट्ट्याच्या, पलीकडे गेला म्हणतेस. बाद रद्द होतो, आपली शाळा हरते, परतताना टेम्पोत कुणी माझ्याशी बोलत नाही. संध्याकाळी तू भाकरी थापतेयस आणि मी म्हणते, दुसऱ्या कुणी फाऊल दिला नसता. तू तव्यावरून नजर न हलवता म्हणतेस, “लोक तुझ्या पायाकडं बघत नव्हते. माझ्या शिट्टीकडं बघत होते.” मग पहिली भाकरी माझ्या ताटात. आई, माझा पाय खरंच पलीकडे गेला होता का? की तू लोकांना घाबरलीस? हे मी तुला कधी विचारलं नाही.

पाडव्याच्या संध्याकाळी आण्णा आले. एका हातात पेढे, दुसऱ्या हातात ताट, ताटात बेलाची पानं आणि भंडारा. हा आपल्याकडचा जुना रिवाज तुला सांगायला नको. पान आणि हळद उचलून शब्द दिला की माघार नाही. म्हाळसा आपल्या लिंगायत वाण्यांतलीच म्हणून खंडोबा आपला, असं तू म्हणायचीस, पण शपथ तू कधी कुणाकडून घेतली नाहीस. सकाळी डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजेला बसायचीस, तेवढंच. माझं सांगायचं तर मी पुण्यात ब्रेकचे भाग तपासते. पुरवठादारानं प्रमाणपत्र जोडलं असलं तरी मी तो भाग आधी यंत्रावर चढवते.

“घरातल्या सगळ्यांनी उचला,” आण्णा म्हणाले. “मतं फुटायची न्हाईत. बाईंचा आशीर्वाद तर हायच.”

मी विचारलं, “क्रिकेटच्या खेळपट्टीसाठी मुलींच्या खो-खोच्या पाट्यांवर रोलर फिरवलात, तेव्हाही आशीर्वाद घेतला होता का?”

“इंजिनेरबाई लई सवाल विचारलालेत!” ते हसले. दादाचे कान लाल झाले. तेवढ्यात वहिनी पदराला हात पुसत बाहेर आली.

“आण्णा, मी उभी राहते.”

मी मनात म्हटलं, बघा, पाठ करून घेतलंय.

“पण भंडारा मी उचलायची न्हाई. तुमी उचला. ह्यांनी बी. खुर्चीत मीच बसणार, सही मीच करणार, अन् ह्यांनी मीटिंगच्या दारात सुदा यायचं न्हाई.”

बाबांनी टीव्हीचा आवाज बंद केला.

“वैनी, आमचा शब्द हाय की.”

“शब्द हाय तर उचलायला काय जातंय?”

आण्णांनी खिशातला फोन काढून पाहिला आणि “आलोच” म्हणत ओसरीवर गेले. फोन वाजलेला मी ऐकला नाही. ताट दादासमोर राहिलं. दुकानात गिऱ्हाईकाला कुठल्याही बियाण्याचं काहीही सांगणारा आपला दादा त्या ताटाकडे बघत उभा होता. “लोकांसमोर असं करत्यात का गं?” तो हळूच म्हणाला.

“लोकांसमोरच करत्यात,” वहिनी म्हणाली.

त्यानं भंडारा उचलला. हात थरथरला, हळद फरशीवर सांडली. आण्णा आत आले, त्याची पिवळी बोटं पाहिली, स्वतःच आणलेला एक पेढा खाल्ला आणि म्हणाले, “बघू, वरून काय निरोप येतोय.”

निरोप अजून आलेला नाही. मी निघाले तेव्हा वहिनी स्टँडवर सोडायला आली. म्हणाली, तिकीट नाही दिलं तर अपक्ष अर्ज भरते. मग विचारलं, “तुमचं नाव यादीत हितंच हाय ना अजून?” मी हो म्हटलं. तिला मी हवी होते की माझं मत, हे मला कळलं नाही. दादा शब्द पाळेल की ती निवडून आल्यावर चार महिन्यांत तिच्या नावानं स्वतःच सह्या ठोकेल, हेही नाही. बस सुटेपर्यंत ती खिडकीखाली उभी होती. तिला शाब्बास म्हणायचं माझ्या तोंडी आलं होतं, म्हटलं नाही.

हे तुला पोचणार नाही, म्हणूनच लिहिते. भंडारा मी मानत नाही. पण दादाचा हात थरथरला तेव्हा मला बरं वाटलं, आणि तो हात बराच वेळ तसाच थरथरत राहावा असं वाटलं.