धुईची हाळी

कार्तिक वद्य पंचमी, फसली १३४७

पुष्पे, मागल्या संक्रांतीच्या माझ्या कागदाला जवाब द्यायचं तू अजून विसरूनच राह्यलीस. म्हणून या खेपेला रोजचं रोज लिहवून ठेवते आन् सगळी वहीच परतूरला धाडते. विसरलीस की उघडून बस. लिहिणारे अजमत मास्तर. जावयांच्या ओसरीत बिऱ्हाडाला असतात, खालच्या शाळेत उर्दू शिकवतात, मराठीबी बराबर लिहितात. मला अक्षर येत न्हाई, पण बोलले ते उतरलं का न्हाई, हे त्यांच्या हाताकडं बघून कळतं. आत्ता हात थांबला होता, मंग मी खाकरले.

काल बैलगाडीनं डोंगरावर आले. पिंपळगाव रेणुकाई मागं पडलं की नुसता चढ. माझी द्वारका जाऊन वरीस झालं, तिची उषी आता दीड वर्साची. तिला बघायला घरात बाईमाणूस न्हाई, म्हणून आले. पोरीनं आल्या आल्या माझी नथ ओढून पाहिली, सोन्याची आहे का पितळेची!

हवा फार नामी. एखाद्या सकाळी खालचं खोरं धुईनं काठोकाठ भरतं, आपण वर उन्हात पाय पसरून बसायचं. न्याहारी होईस्तोवर धुई विरून जाते. वर ती कधी चढत न्हाई म्हणे.

वद्य सप्तमी

इथं एक रीत आहे. सुगीच्या दिवसांत खळी उघडी, कापूस उघडा, तूर फुलावर. आभाळ आधी दिसतं ते डोंगरावरून. म्हणून आपल्या घरच्या माणसानं सांजेला कड्यावरच्या दगडावर उभं राहून खाली हाळी द्यायची: उद्या उघाड, नायतर आभाळ, नायतर धुई. खळ्यावरून जवाब येतो, 'पोचली'. तो जवाब आल्याबिगर हाळी देणाऱ्यानं दगड सोडायचा न्हाई. खाली कुणी ऐकलंच न्हाई, तर रास भिजायची.

लग्नानंतर हे काम द्वारकेकडं होतं. तू मावशी, तिचा गळा तुला ठाऊक आहे, ठेसनावरची गाडी थांबवील असा. औंदा हाळी कुणीच देत न्हाई. विचारलं तर जावई म्हणाले, गळा बसलाय. वरीसभर?

मी उषीला खेळ शिकवला. गोवऱ्यांच्या ढिगाआडून मी ओरडायचं, 'उद्या उघाड!' तिनं टाळी वाजवून म्हणायचं, 'पोतली!' मास्तर पोट धरून हसले. जावई भरल्या ताटावरून उठून गेले. मनात म्हणलं, माणूस अगदीच रुक्ष.

वद्य दशमी

काल दिवस मावळताना दगडाकडून बाईचा आवाज आला. उद्या धुई, म्हणून. खालून जवाब न्हाई. पुन्हा हाळी. पुन्हा. शेजारच्या नूरबीला विचारलं, कोण गं ती. तिनं मला हाताला धरून आत ढकललं. म्हणाली, आपा, कान झाका, पण सांगते ते खरं माना, तो आवाज कधी चुकला न्हाई.

आज धुई पडली.

पुष्पे, मी नूरबीला उगाच विचारलं. पोटच्या पोरीचा आवाज कोण विसरंल? तूसुद्धा न्हाई.

वद्य एकादशी

जावयांना समोर बसवलं. बोलले एकदाचे. द्वारका गेली, त्याच्या आदल्या दिवशी सकाळी दोघांचं भांडण झालं. द्वारकेला चार दिवस माहेरी यायचं होतं, हे म्हणाले, सुगी उरकू दे. सांजेला हे खळ्यावर होते. जवाब यांनीच द्यायचा होता. हाळी ऐकली आन् रुसून गप बसले, रातचं खळ्यावरच निजले. वाटलं, ओरडून कंटाळंल आन् जाईल घरात.

ती रीत सोडणारी न्हवती. सकाळी दगडावर बसलेली सापडली, केसांत दव, अंग गार.

तेव्हापासून धुई पडणार असली की आदल्या सांजेला हाळी देते. खोऱ्यात कुणी जवाब देत न्हाई. जवाब मिळाला की दगड सुटंल, मंग ती घरी येईल. मी म्हणाले, येऊ द्या, वरीस झालं लेक थंडीत उभी आहे माझी. जावयांनी पाळण्याकडं बोट केलं. म्हणाले, ती गेली तेव्हा उषी अंगावर पीत होती. आली तर कुणाला न्यायला येईल?

मी उठून पाळणा आतल्या खोलीत ओढला.

वद्य द्वादशी

सांजेला उषीला मांडीवर घेऊन तिच्या कानांत कापूस घालत होते. एका कानात घातला. दुसऱ्यात घालायच्या आत हाळी आली. पोरीनं टाळी वाजवली. पोतली, म्हणाली.

मीच शिकवलं. मीच.

हाळी थांबली. वर्सात पहिल्यांदा पुन्हा आली न्हाई. जावयांनी भिंतीवर डोकं आपटलं.

वद्य त्रयोदशी

धुई विरली न्हाई. भर दुपारी चढून राह्यली — दगडापर्यंत — मंग गोठ्यापर्यंत. जावयांनी गाडी जुंपली, बैल धुईत पाय टाकीनात. उषी अंगणाकडं बघून हसते. सारखी.

वद्य चतुर्दशी

अंगण दिसत न्हाई. जावई उंबऱ्याबाहेर गेले — माझं चुकलं म्हणत, हात जोडून — धुईत. हाक मारली. मास्तरांनीबी मारली.

जवाब न्हाई.

अमावस्या

दारात आहे. मास्तर, वर बघू नका, लिहा.

तशीच आहे, पुष्पे. ओठ निळे. केस ओले. हात पुढं केलेत. उषी चालत निघाली — मी झबलं धरलंय — ओढावं तर द्वारका माझ्याकडं बघते, लहानपणी बघायची तसं — दार लावायला पाह्यजे — कसं लावू? माझीच ना —

सुटलं झबलं.

घेतलं तिनं. उरी लावलं.

पुष्पे, हे विसरू नको. डिंकाचे लाडू कर, बाळंतपणात तिला द्यायचे राह्यलेच माझ्याकडून. खोबरं घाल, तूप हात सोडून घाल. जल्दी धाड. तिघींना पुरतील एवढे — उषीचा हातबी आता गार, माझाबी —